लोकसंख्येवरची पुस्तके : जनुकापासून जनगणनेपर्यंत, क्रम कसा लावावा?

बर्डीवाला

नागपुरात एक वाचनगट सुरू होतोय. महिन्यातून दोन रविवार, सहा महिने. वीसेक जण आहेत: शाळा-कॉलेजातले शिक्षक, आरोग्य खात्यातले काही, बाकी हौशी. विषय लोकसंख्या. एका टोकाला जनुकशास्त्र, दुसऱ्या टोकाला घसरता जननदर. सध्याची यादी अशी: माल्थस, पॉल एर्लिक, टोनी जोसेफ, डेव्हिड राइक, टिम डायसन. इंग्रजी चालते, गणित बारावीपर्यंतचे. क्रम काय ठेवावा, काय गाळावे आणि प्रत्येक पुस्तकासोबत कागद-पेन्सिल घेऊन काय करून बघावे? नुसती चर्चा झाली की मंडळी दुसऱ्या महिन्यात गळतात. मराठीतले काही असेल तर तेही सांगा.

रामदासपेठी

डायसनपासून सुरू करा. 'अ पॉप्युलेशन हिस्टरी ऑफ इंडिया', २०१८. उपखंडातल्या पहिल्या माणसांपासून आजपर्यंतचा पट एकाच लेखकाच्या हातचा आहे, आणि कुठला आकडा अंदाजाचा व कुठला मोजलेला हे तो लपवत नाही. १८७१-७२ च्या आधीचे सगळे अंदाज. ती पहिली गणनाही देशभर एका वेळी झालेली नव्हती. तशी झाली १८८१ मध्ये. ही रेघ डोक्यात पक्की बसली की पुढची पुस्तके भराभर होतात.

माल्थसच्या लोकसंख्येवरच्या निबंधाची १७९८ ची पहिली आवृत्ती घ्या. निनावी, छोटी, भांडखोर. १८०३ ची दुसरी आवृत्ती जवळजवळ नवेच पुस्तक आहे, आणि इतके जाड की गट तिथेच फुटेल. जाता जाता: हा गृहस्थ १८०५ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजात शिकवत होता, म्हणजे इकडे आलेले कित्येक साहेब त्याचे विद्यार्थी.

एर्लिकचे 'द पॉप्युलेशन बॉम्ब' (१९६८) शेवटी ठेवा, तेही एकटे नको. सत्तरच्या दशकात कोट्यवधी लोक उपासमारीने मरणार हे त्याचे भाकीत फसले, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या भीतीने जगभर काय धोरणे राबवली गेली, ते मॅथ्यू कॉनेलीच्या 'फेटल मिसकन्सेप्शन'मध्ये (२००८) आहे. आणि खेड्यातला शेतकरी जास्त मुले का होऊ देत होता, हे महमूद ममदानींनी पंजाबातल्या एका गावात जाऊन 'द मिथ ऑफ पॉप्युलेशन कंट्रोल'मध्ये (१९७२) लिहिले. तिन्ही मिळून दोन बैठका.

मोजमापासाठी प्रेस्टन, ह्यूव्हलिन आणि गियो यांचे 'डेमोग्राफी' (२००१). सगळे वाचायला घेऊ नका. पहिली तीन प्रकरणे आणि जननदरावरचे पाचवे, एवढेच.

पहिला सराव: नागपूर जिल्हा २००१ मध्ये ४०,६७,६३७, २०११ मध्ये ४६,५३,५७०. दशकाची वाढ १४.४ टक्के. वर्षाची किती? बहुतेक जण १० ने भागून १.४४ म्हणतील. दोन आकड्यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग काढून १० ने भागा, १.३५ येतो. फरक बारीक वाटतो. हाच दर धरून पुढच्या तीस वर्षांचा अंदाज बांधायला सांगा, मग फळ्यावर भांडण लागेल.

अंबाझरी

डायसन पहिला, मान्य. पण राइक आणि जोसेफ यांच्या आधी लोकसंख्या-जनुकशास्त्राचे एक खरे पाठ्यपुस्तक हवे. नाहीतर बैठकीचे रूपांतर "आर्य आले की गेले" मध्ये होते आणि पुस्तक बाजूला राहते. जॉन गिलेस्पींचे 'पॉप्युलेशन जेनेटिक्स : अ कन्साइज गाइड' घ्या. पातळ आहे. हार्डी-वाइनबर्गचे (जनुकाच्या वारंवारतेवरून रुग्ण-वाहक किती ते काढायचे सूत्र) पहिले प्रकरण आणि ड्रिफ्टचे (नुसत्या योगायोगाने वारंवारता हलते त्याचे) दुसरे. हार्टल आणि क्लार्क जास्त सविस्तर आहे, ते संदर्भाला ठेवा.

राइकचे 'हू वी आर अँड हाउ वी गॉट हिअर' आणि जोसेफ यांचे 'अर्ली इंडियन्स' दोन्ही २०१८ ची. राखीगढी या हडप्पाकालीन स्थळावरच्या सांगाड्याचा जनुकसंच त्यानंतर, २०१९ मध्ये छापला गेला, आणि त्यात युरेशियातल्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश सापडला नाही. म्हणून या पुस्तकांच्या जोडीला २०१९ चे निष्कर्ष कुणीतरी वेगळे मांडावेत.

राइकच्या पुस्तकात एका ठिकाणी हमखास ठेच लागते. 'उत्तर भारतीय पूर्वज' आणि 'दक्षिण भारतीय पूर्वज' असे दोन गट २००९ च्या लेखापासून चालत आले आहेत. वाचणारा लगेच विचारतो, आपण कुणात? हे दोन्ही गट आकडेशास्त्रीय मांडणीतले आहेत. आजच्या जवळजवळ सगळ्या समाजांत दोन्हींचे मिश्रण आहे, फरक प्रमाणाचा. २०१३ च्या हिशेबाप्रमाणे हे मिश्रण साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी झाले आणि मग थांबले. गटाने वेळ घालवायचा तो या थांबण्यावर. कारण तिथून अंतर्विवाह (आपापल्या गटातच लग्न) सुरू होतो आणि विषय पुरातत्त्वातून थेट आपल्या दवाखान्यात येतो.

कॅव्हाली-स्फोर्झा आणि सहकाऱ्यांचे जगभरच्या जनुकांच्या नकाशांचे १९९४ चे जाडजूड पुस्तक कुणी सुचवले तर नकाशे बघा, पण नकाशातल्या लाटांवर विश्वास टाकू नका. भौगोलिक माहितीवर मुख्य घटक विश्लेषण (पुष्कळ आकडे दोन-तीन अक्षांत दाबायची रीत) लावले की प्रत्यक्ष स्थलांतर नसतानाही तसल्या लाटा उमटतात, हे २००८ मध्ये दाखवले गेले आहे.

महालकर

एवढी पुस्तके वाचून शेवटी गाडी तिथेच येणार. लोकसंख्या वाढतेय, कायदा करा. बाकी काय?

रामदासपेठी

महालकर भाऊ, कायदा करून बघितलाय. १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक आपल्याच विधिमंडळाने मंजूर केले होते, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून अंमलात आले नाही. विधेयकाविना जे झाले ते असे: १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया, त्यातल्या बहुसंख्य पुरुषांच्या. पुढच्या वर्षी आकडा १० लाखांच्या खाली. पुरुष नसबंदी त्यानंतर सावरलीच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्त्री नसबंदी ३७.९ टक्के, पुरुष नसबंदी ०.३ टक्के. सगळा भार बायकांवर गेला.

आणि जननदर? पहिल्या फेरीत (१९९२-९३) बाईमागे ३.४ मुले, पाचव्यात २.०. महाराष्ट्र १.७. प्रतिस्थापनाची पातळी, म्हणजे एका पिढीची जागा पुढची पिढी जेमतेम भरेल इतकी मुले, २.१ धरतात, म्हणजे आपण तिच्या खाली आहोत. तरी माणसे वाढतात, कारण वीस-तीस वर्षांपूर्वी जन्मलेल्या मोठ्या पिढ्या आता बाळंतपणाच्या वयात आहेत. प्रत्येकीला कमी मुले, पण आयाच जास्त. पुढचा भाग डीन स्पीअर्स आणि मायकल जेरुसो यांच्या 'आफ्टर द स्पाइक'मध्ये (२०२५) आहे. आणि एस. वाय. कुरेशी यांचे 'द पॉप्युलेशन मिथ' (२०२१) तुमच्यासाठी मुद्दाम सुचवतो, त्यात धर्मानुसार जननदराचे आकडे कसे वाचावेत ते आहे.

हिमोग्लोबिन

अंबाझरीताईंनी दवाखान्याचे नाव काढले म्हणून. विदर्भातल्या गटाने सिकलसेलवर हिशेब केला नाही तर हार्डी-वाइनबर्ग वाचून उपयोग काय? आरोग्य खात्यातले लोक आहेत ना गटात, त्यांना पुढे करा.

पार्श्वभूमी आधी. सिकलसेल हा रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार; आई-बाप दोघांकडून ते जनुक आले तर मूल रुग्ण, एकाकडूनच आले तर वाहक. भारतात सिकलसेल १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींत नोंदला गेला. मध्य भारताबद्दल शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये १९५८ चा. असे जनुक हिवतापामुळे टिकून राहत असावे ही कल्पना जनुकशास्त्रज्ञ हाल्डेनची, १९४९. सिकलसेलबाबत आफ्रिकेत ॲलिसनने १९५४ मध्ये ते दाखवून दिले. हाल्डेन १९५७ मध्ये भारतातच येऊन राहिला, भुवनेश्वरला गेला.

आता हिशेब. समजा एका अंतर्विवाही समाजात सिकलच्या जनुकाची वारंवारता ०.१० आहे (आकडा सरावापुरता).

एसएस, म्हणजे रुग्ण: ०.१० चा वर्ग = ०.०१, शंभरात १.
एएस, म्हणजे वाहक: २ × ०.९ × ०.१ = ०.१८, शंभरात १८.
नवरा-बायको दोघेही वाहक: ०.१८ × ०.१८ = ०.०३२, साधारण ३१ जोडप्यांत एक. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता २५ टक्के.

'प्रत्येक' हा शब्द फळ्यावर मोठा लिहा. पहिले मूल एसएस झाले म्हणजे पुढची तीन सुटली, असे समजणारे फार आहेत.

दुसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची. या समाजाशेजारी तेवढाच मोठा दुसरा समाज आहे, त्यात हे जनुक शून्य. रोटी चालते, बेटी चालत नाही. दवाखान्याने दोघांचे नमुने एकत्र मोजले तर वारंवारता ०.०५. सूत्राने एसएस येतात ०.००२५, म्हणजे दहा हजार जन्मांत २५. प्रत्यक्षात? पहिल्या पाच हजारांत ५०, दुसऱ्या पाच हजारांत शून्य. एकूण ५०. दुप्पट! वाहक उलट कमी: अपेक्षित ९५०, प्रत्यक्ष ९००. याला वालुंड परिणाम म्हणतात. तपासणी यंत्र बिघडले, नमुने चुकले असे काहीही झालेले नाही. छेदात दोन वेगळी रिंगणे एकत्र ओतली, एवढेच.

हाच सराव मोठ्यांच्या नमुन्यावर करू नका, जन्मावर करा. एसएस मुलांतले काही लहानपणीच दगावतात, त्यामुळे मोठ्या वयात एसएस कमी सापडतात आणि सूत्र जुळत नाही.

तेलंगखेडी

वाचनखूण साठवली आहे. एक शंका. मामाच्या मुलीशी लग्न केल्यामुळे सिकलसेल होतो असे गावोगावी सांगतात. कितपत खरे?

हिमोग्लोबिन

अर्धवट. आते-मामे भावंडांच्या अपत्यात अंतःप्रजनन गुणांक १/१६, म्हणजे ०.०६२५. रुग्णाची शक्यता = वारंवारतेचा वर्ग + गुणांक × p × q (q ही आजाराच्या जनुकाची वारंवारता, p = १ − q).

दुर्मीळ आजार, वारंवारता ०.०१: एरवी दहा हजारांत १, मामेबहिणीशी लग्नात साधारण ७. सातपट.
सिकलसारखा, वारंवारता ०.१०: एरवी दहा हजारांत १००, तशा लग्नात १५६. दीडपट.

म्हणजे आजार जितका दुर्मीळ, तितका नात्यातल्या लग्नाचा वाटा मोठा. सिकलसेलमध्ये धोका मुख्यतः "नात्यात नाही, पण समाजातली" अशा लग्नात आहे. "आमचे नाते नाही हो" म्हणून तपासणी टाळणारे इथेच फसतात. लग्नाआधी दोघांचा पॅटर्न (एए, एएस की एसएस) माहीत असणे हाच उपाय.

आणि तपासणी कुठली तेही बघा. सोल्युबिलिटी चाचणीत रक्त विरघळवून सोडियम डायथायोनाइटच्या द्रावणात गढूळपणा बघतात. गढूळ आले म्हणजे सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच कळते. एएस की एसएस ते कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते. सहा महिन्यांखालच्या बाळात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त असते म्हणून सोल्युबिलिटी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. फार रक्तक्षय असेल तरी तेच. नुकतेच रक्त चढवले असेल तर एचपीएलसीसुद्धा फसवते, कारण त्यात दात्याचे रक्त मिसळलेले असते.

अंबाझरी

+१. आणि "अमुक जातीचा आजार" हे वाक्य गटात उच्चारले गेले तर तिथेच थांबवा. विदर्भात हे जनुक आदिवासी, अनुसूचित जाती आणि काही इतर मागास समाजांत कमी-अधिक आहे. हिवताप आणि भूगोल हे त्याचे कारण. अंतर्विवाहाने ते रिंगणात कोंडून ठेवले.

कोंडण्याचा मुद्दा सिकलपुरता नाही. २०१७ मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मधल्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ गटांपैकी ८१ गटांत फाउंडर इफेक्ट फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही तीव्र आढळला, आणि त्यात दहा लाखांहून मोठे समाजही होते. आज संख्या प्रचंड असली तरी मूळ पूर्वज मोजके, म्हणून एखादे दुर्मीळ जनुक समाजभर पसरलेले. आंध्रातल्या वैश्य समाजातले उदाहरण राइकच्या पुस्तकात आहे: ब्युटिरिलकोलिनेस्टरेज कमी असल्याने भुलीच्या एका औषधाचा परिणाम लवकर उतरत नाही.

नमुन्यावरची चिठ्ठीही तपासा. नुसते 'कुणबी' लिहिले आणि आत तिरळे, झाडे, बावणे, धनोजे, खैरे एकत्र असतील, तर हिमोग्लोबिन यांनी सांगितलेला वालुंड परिणाम लगेच घुसतो. इरावती कर्वे आणि के. सी. मल्होत्रा यांनी १९६८ मध्ये 'करंट अँथ्रोपॉलॉजी'त एकाच दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना छापली होती. त्याआधी सांघवी आणि खानोलकर यांनी मुंबईतल्या सहा अंतर्विवाही गटांचा अभ्यास केला. तो छापला 'ॲनल्स ऑफ युजेनिक्स'मध्ये (युजेनिक्स म्हणजे 'चांगली' संतती निवडून वंश सुधारायचा विचार). या नियतकालिकाचे नाव १९५४ मध्ये बदलून 'ॲनल्स ऑफ ह्युमन जेनेटिक्स' झाले. त्या बदलामागे केवढा इतिहास आहे, ते ॲडम रदरफर्डच्या 'कंट्रोल'मध्ये (२०२२) वाचा.

वऱ्हाडी_बखर

रामदासपेठी यांनी माल्थसला इकडे आणलाच आहे तर स्थानिक साहित्य सांगतो. बाहेरच्या पुस्तकांत जागतिक महत्त्वाचा पुरावा म्हणून वऱ्हाड येतो, आणि आपल्याला पत्ता नसतो.

डायसन यांनीच १९८९ मध्ये संपादित केलेले 'इंडियाज हिस्टॉरिकल डेमोग्राफी' शोधा. त्यात १८८१ ते १९८० या काळातल्या वऱ्हाडच्या लोकसंख्येवर त्यांचे स्वतःचे प्रकरण आहे. वऱ्हाडच का? जन्म-मृत्यूची नोंद इथे त्या मानाने बरी होती, सलग होती, महिन्यागणिक मिळते. १९९१ च्या त्यांच्या दुष्काळावरच्या लेखांतही हेच साहित्य आहे. त्यापुढे अरूप महारत्न यांचे 'द डेमोग्राफी ऑफ फॅमिन्स' (१९९६).

दुष्काळ वाचताना दोन गोष्टी बघायच्या. गर्भधारणा मृत्यूच्या आधी घसरते, म्हणजे जन्मांचा खड्डा नऊ महिन्यांनी दिसतो. आणि मृत्यूची लाट पुष्कळदा पाऊस परत आल्यावर येते: खंगलेली माणसे, साचलेले पाणी, हिवताप. "पाऊस पडला, दुष्काळ संपला" हे महसुलाच्या दृष्टीने खरे, मृत्यूच्या दृष्टीने नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ पडल्यावर १९०१ च्या गणनेत मध्य प्रांतात माणसे घटलेली दिसली.

१९१८ चा इन्फ्लुएंझा सरावाला घ्या. मध्य प्रांत-वऱ्हाड सर्वाधिक झळ बसलेल्या प्रांतांपैकी. देशातल्या एकूण मृत्यूंचा किंग्जली डेव्हिसचा अंदाज २ कोटी ('द पॉप्युलेशन ऑफ इंडिया अँड पाकिस्तान', १९५१), २०१२ मधला एक अंदाज, अभ्यासलेल्या जिल्ह्यांपुरता, जास्तीत जास्त १ कोटी ३९ लाखांच्या आसपास. एवढा फरक का? त्या काळच्या नोंदवहीत मरणाचे कारण 'ताप' लिहिले जाई. इन्फ्लुएंझा असा रकाना शोधून हाती काही लागत नाही. म्हणून करायचे असे: प्रत्येक महिन्याचे एकूण मृत्यू घ्या, आधीच्या चार-पाच वर्षांतली त्याच महिन्याची सरासरी वजा करा, उरतात ते जादा मृत्यू. मग प्रश्न येतो की नोंद करणारे पाटील-कोतवालच आजारी असताना नोंद किती सुटली. ती गळती १९२१ च्या गणनेवरून मागे जाऊन भरतात, आणि प्रत्येक जण वेगळी भरतो.

बर्डीवाला

बखरराव, जुने जिल्हे आणि आजचे जिल्हे यांची तुलना थेट करता येते का? 'चांदा' म्हणजे चंद्रपूर धरून चालेल?

वऱ्हाडी_बखर

अजिबात नाही. गडचिरोली चंद्रपूरमधून १९८२ मध्ये निघाला, गोंदिया भंडाऱ्यातून १९९९ मध्ये. वऱ्हाड १९०३ मध्ये मध्य प्रांताच्या कारभाराखाली आला, म्हणून १९०१ चा वऱ्हाडचा गणना अहवाल वेगळा आणि १९११ चा एकत्र. प्रांताचा म्हणून दिलेला आकडा वापरण्याआधी त्यात संस्थाने धरली आहेत का तेही बघा. सोपा मार्ग: २०११ च्या गणनेतला ए-२ तक्ता. १९०१ पासूनची दशकवार संख्या आजच्या सीमांवर बसवून दिलेली आहे.

रसेल आणि हिरालाल यांचे १९१६ चे चार खंड कुणीतरी आणेलच, प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. जातींच्या पोटशाखांची नावे, लग्नाचे नियम, कोणाची बेटी कोणाकडे जाते यासाठी सोन्यासारखे. जातींच्या 'स्वभावा'बद्दल साहेबांनी जे लिहिले आहे ते साहेबांच्या स्वभावाबद्दल आहे असे समजून वाचा.

शंकरनगर

मराठीचे कुणी बोललेच नाही.

र. धों. कर्वे. मुंबईत १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र, १९२३ मध्ये 'संततिनियमन' हे पुस्तक, १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' मासिक. माल्थसनंतर लगेच कर्वे घ्या, उलटे चित्र दिसते: माल्थस संयम सांगतो, कर्वे साधने सांगतात, आणि कर्व्यांच्या लेखी बाईची प्रकृती व तिची इच्छा राष्ट्राच्या आकड्याच्या आधी येते.

दुसरे, बाबासाहेबांचा १९१६ चा 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध. ९ मे १९१६, कोलंबिया विद्यापीठातले मानववंशशास्त्राचे परिसंवाद-वर्ग. शासनाच्या समग्र लेखनाच्या पहिल्या खंडात आहे. लोक तो जातीवरचा म्हणून वाचतात. लोकसंख्याशास्त्राचा म्हणून वाचून बघा. युक्तिवाद सरळ हिशेबाचा आहे: गटाबाहेर लग्न बंद केले तर गटातल्या लग्नाच्या वयाच्या स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. नवरा मेला की बाई 'जादा', बायको मेली की पुरुष 'जादा'. जादा बाईसाठी सती किंवा सक्तीचे वैधव्य, जादा पुरुषासाठी ब्रह्मचर्य किंवा अजून लग्नाच्या वयात न आलेल्या मुलीशी लग्न. अंतर्विवाह टिकवायची ही यंत्रणा. अंबाझरीताई जनुकात जी कोंडी मोजतात, ती कुंपणाच्या बाजूने इथे मांडली आहे.

१९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठरावही आला होता. बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडला, तो फेटाळला गेला. भाषण दुसऱ्या खंडात आहे.

अंबाझरी

शंकरनगर, हे फार नेमके. मग निबंध राइकच्या भारतावरच्या प्रकरणासोबत एकाच बैठकीत ठेवा. आधी निबंध.

तेलंगखेडी

सध्याच्या आकड्यांसाठी कुठले पुस्तक? वर्तमानपत्रात दर वर्षी येते, जिल्ह्यात मुलींचे प्रमाण वाढले, जिल्ह्यात घटले. खरे काय समजायचे?

रामदासपेठी

यासाठी पुस्तक नको, कॅल्क्युलेटर हवा. मुळात वेगवेगळे तीन आकडे एकमेकांत मिसळले जातात.

एक, गणनेतले ०-६ वयाचे लिंग गुणोत्तर. महाराष्ट्र २००१ मध्ये हजार मुलांमागे ९१३ मुली, २०११ मध्ये ८९४. यात जन्माच्या आधीची निवड आणि जन्मानंतरचे मृत्यू, दोन्ही आले.

दोन, कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातले जन्माच्या वेळचे गुणोत्तर. राज्याला ठीक आहे. जिल्ह्याला धोकादायक. पाचव्या फेरीत ७०७ जिल्हे आणि सुमारे ६.३७ लाख घरे, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी ९०० घरे आणि मागच्या पाच वर्षांतले तीनशे-सव्वातीनशे जन्म. ३०० जन्मांवर गुणोत्तर ९५० आले तर नुसत्या योगायोगाची ९५ टक्के मर्यादा साधारण ७६० ते ११९०. नमुना गावागावांच्या पुंजक्यांतून घेतलेला असतो, म्हणून ती आणखी रुंद. एका फेरीत ९०० आणि पुढच्या फेरीत १००० आले तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ना अभिनंदन, ना कारवाई. निसर्गतः हजार मुलांमागे साधारण ९५० मुली जन्मतात, तेव्हा एखाद्या जिल्ह्याचे १०८० छापून आले की आनंदापेक्षा शंका आधी यावी.

तीन, जन्म नोंदणी. इथे नमुन्याचा प्रश्न नाही, पण नागपूरचा खास प्रश्न आहे. जन्म जिथे होतो तिथे नोंदला जातो. मेडिकल, मेयो आणि खाजगी इस्पितळांत भंडारा, गोंदिया, गडचिरोली, अगदी छिंदवाडा-बालाघाटहून बाळंतिणी येतात. अंशात त्यांची मुले, छेदात फक्त नागपूरकर. शहराचा जन्मदर फुगतो, त्यांच्या गावांचा खाली जातो. मृत्युदराचे तर विचारूच नका, अत्यवस्थ रुग्ण इथेच येतात. नोंदणीच्या अर्जात आईचा नेहमीचा पत्ता असतो, त्यावरून पुन्हा तक्ता मांडला तरच दर काढायचा.

हिमोग्लोबिन

म्हणजे माझे ५० एसएस आणि तुमचा फुगलेला जन्मदर, दोन्हीकडे छेदाचीच भानगड. मी लग्नाचे रिंगण विसरलो तर चुकतो, तुम्ही राहण्याचा पत्ता विसरलात तर चुकता.

महालकर

कायद्याचे राहू द्या. वृद्धांचे काय? तो विषय यादीत दिसत नाही.

रामदासपेठी

मुद्दा बरोबर. गुडहार्ट आणि प्रधान यांचे 'द ग्रेट डेमोग्राफिक रिव्हर्सल' (२०२०) अर्थशास्त्राच्या बाजूने आहे; त्यातला महागाईचा सिद्धांत वादग्रस्त, पण वाद घालायला चांगला. भारताच्या आकड्यांसाठी ४५ वर्षांवरच्या लोकांचे एलएएसआय सर्वेक्षण, पहिली फेरी २०१७-१८, सुमारे ७२ हजार जण. एका बैठकीचा ऐवज आहे.

बर्डीवाला

मंडळी, बारा बैठकांचा कच्चा आराखडा: १-२ डायसन. ३ माल्थस १७९८ आणि कर्वे. ४-५ प्रेस्टनमधली निवडक प्रकरणे, जिल्ह्याचे आकडे घेऊन. ६ वऱ्हाडचे प्रकरण आणि १९१८. ७ गिलेस्पी. ८ सिकलसेलचा हिशेब. ९ बाबासाहेबांचा निबंध आणि राइक. १० जोसेफ, २०१९ च्या पुरवणीसह. ११ एर्लिक, कॉनेली, ममदानी. १२ घटता जननदर आणि वृद्ध.

वऱ्हाडी_बखर

एर्लिक, कॉनेली, ममदानी एका रविवारी होणार नाहीत राजेहो. जोसेफ नवव्यात घ्या, दहावी-अकरावी त्यांना द्या. जुने गणना अहवाल जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावर मिळतात. मानववंशशास्त्राचे जुने अंक बघायचे असतील तर सेमिनरी हिल्सवर भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षणाचे मध्य विभागीय केंद्र आहे, आधी विचारून जा.

तेलंगखेडी

चौथ्या बैठकीत नेमके काय करून घ्यायचे? मी शाळेत गणित शिकवते, ती बैठक मी घेईन.

रामदासपेठी

ताई, वयाचा घोळ मोजा. २०११ च्या गणनेतला सी-१३ तक्ता, एकेका वर्षाचे वय, नागपूर जिल्हा. आधी आलेख काढा: ३०, ३५, ४०, ४५ वर सुळके दिसतील, ३१ आणि ४१ वर खड्डे. माणसे गोल आकडा सांगतात, प्रगणकही तसाच लिहितो. मग व्हिपल निर्देशांक: २५, ३०, ३५ असे ६० पर्यंतच्या आठ वयांची बेरीज, भागिले २३ ते ६२ वयाच्या सगळ्यांची बेरीज, गुणिले ५०० (१०० आणि ५ एकदमच गुणले). १०० म्हणजे घोळ नाही, ५०० म्हणजे सगळ्यांनीच ० किंवा ५ वर वय सांगितले. १०५ च्या खाली उत्तम, १२५ ते १७५ ढोबळ, १७५ च्या वर कच्चे. ग्रामीण-शहरी आणि स्त्री-पुरुष असे चार वेगळे काढायला लावा, चार गट पाडा.

यावरूनच पुढे सांगता येईल की एकेका वर्षाच्या वयावर मृत्युदर का काढत नाहीत आणि जीवनसारणी (कुठल्या वयापर्यंत किती जण जगतात त्याचा तक्ता) पाच-पाच वर्षांच्या गटांत का मांडतात. ३५-३९ असा गट केला की ३५ वर सरकलेले ३६-३७ चे लोक आतच राहतात. ३३-३४ चे मात्र अजूनही चुकीच्या गटात जातात, हे मंडळींनी विचारायच्या आत सांगून टाका.

२०२७ च्या गणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ आहे, जातीसह. तो तक्ता आला की हाच सराव पुन्हा करता येईल, म्हणून यावेळची शीट जपून ठेवा. सी-१३ च्या शेवटी 'वय नमूद नाही' अशी एक ओळ असते. ती बेरजेत घेऊ नका.